हसतील म्हणून गप्प, गप्प म्हणून एकटी

पत्र

ताई, मी २७ वर्षांची आहे. माहेर शिंदखेडा तालुक्यात, नोकरी जळगावला एका फायनान्स कंपनीच्या शाखेत. घरी आम्ही सगळे अहिराणी बोलतो. फेब्रुवारीत सोमवारच्या मीटिंगमध्ये एका थकीत खात्याबद्दल सांगताना माझ्या तोंडून "त्यासले फोन करी दिधा" असं निघून गेलं. दोघं हसले. त्यातल्या एकानं डबा खाताना माझ्या सुरात ते वाक्य म्हणूनही दाखवलं. तेव्हापासून मी मीटिंगमध्ये बोलणं सोडलं. "आकडे मेल करते" म्हणते. बोलावंच लागलं तर वाक्य आधी वहीत लिहून घेते आणि खाली बघून वाचते. डबा माझ्या टेबलावरच खाते. ऑफिसात आईचा फोन आला तर उचलत नाही. (थकबाकीदारांशी फोनवर मात्र नीट बोलते, वसुली शाखेत माझीच जास्त आहे.) रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. कधी कधी वाटतं, एखादा छोटा अपघात व्हावा आणि आठ दिवस दवाखान्यात पडून राहावं, म्हणजे सोमवार टळेल. साहेब म्हणाले, तुम्ही कोणात मिसळत नाही. आता सहायक व्यवस्थापकाची जागा निघाली आहे. अर्ज करावा की राजीनामा द्यावा, कळत नाही. डॉक्टरांनी सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलायची मानसोपचाराची पद्धत) घ्यायला सांगितलं आहे. विचार बदलले की भावना बदलतात असं वाचलं, म्हणून रोज आरशासमोर "मी आत्मविश्वासानं बोलते" म्हणते. काही फरक नाही. मुळात विचार आधी येतो की भीती? मला अहो-जाहो करू नका.
— एक वाचक, जळगाव

उत्तर

बरं, तुला अहो-जाहो करत नाही.

सगळ्यात आधी हे सांगते, की ते दोघं हसले ते चुकलं आणि नक्कल केली ते त्याहून चुकलं. सीबीटीचं नाव काढलं की "अगं, सगळं आपल्या बघण्यावर असतं" असं सांगणारी माणसं फार भेटतात. तसं नसतं. तुला लागलं ते खरं आहे आणि तसं वागल्यावर कुणालाही लागेल. ते खोटं ठरवायला ही पद्धत निघालेली नाही. फेब्रुवारीतली ती दोन मिनिटं कधीच संपली, तरी तुझ्या पोटातला गोळा अजून दर रविवारी येतो. तो इतके महिने कशावर जगतोय, हे सीबीटी शोधते. हसण्याचा दोष त्यांचा असला तरी गोळा घालवायचं काम तुझ्या हातात आहे. मला यात अन्यायही दिसतो आणि आशाही दिसते.

१९६० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला अ‍ॅरन बेक नावाचे मानसोपचारतज्ज्ञ नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करत होते. त्यांचं शिक्षण मनोविश्लेषणातलं. रुग्णानं मनात येईल ते बोलत राहायचं आणि डॉक्टरांनी त्यातून खोल दडलेलं काहीतरी बाहेर काढायचं, अशी ती रीत. बेक यांच्या ध्यानात आलं की रुग्ण तोंडानं जे बोलतो, त्याच्या बरोबरीनं त्याच्या मनात दुसरंच काही चालू असतं. "डॉक्टरांना माझा कंटाळा आला असेल", "मी काहीतरी बावळट बोलले", असं. हे विचार न बोलावता येतात, क्षणात जातात आणि माणूस ते कुणाला सांगत नाही, कारण त्याचं त्यालाच ते धड ऐकू आलेले नसतात. पण लगेच मागून येणारी उदासी किंवा भीती त्यांच्यामुळेच आलेली असते. हे निसटते विचार पकडायचे आणि तपासायचे, यावर बेक यांनी आपली पद्धत उभी केली आणि तीच पुढे सीबीटी म्हणून ओळखली जाऊ लागली.

आता तुझा सोमवार जवळून बघू. साहेब यादी वाचत वाचत तुझ्या नावापाशी येतात. "पारोळ्याच्या खात्याचं काय झालं?" प्रश्न साधा आहे. तो पुरा व्हायच्या आत तुझ्या मनातून जातं, की आता परत काहीतरी निघणार आणि परत हसणार. कदाचित यातला एक शब्दही मनात उमटत नसेल, नुसते त्या दोघांचे चेहरे डोळ्यांपुढून जात असतील. त्यासरशी घशाला कोरड पडते, छाती धडधडते, कानशिलं तापतात. कानशिलं तापली म्हणून वाटतं, माझा चेहरा लाल झालाय आणि तो सगळ्यांना दिसतोय. बघ, विचारातून भीती आली होती आणि आता भीतीतून विचार आला. मग तू वही उघडतेस आणि मान खाली घालून एका दमात आकडे वाचून टाकतेस. नाहीतर "मेल करते" म्हणतेस. आणि धडधड थांबते.

खरी मेख या धडधड थांबण्यात आहे. सुटका झाली की मन त्यातून धडा घेतं, की गप्प बसले म्हणून वाचले. बोलली असतीस तर काय झालं असतं, ते कळायचं राहूनच जातं. कदाचित कुणीच हसलं नसतं. कदाचित साहेबांनी "बरं" म्हणून पुढचं नाव घेतलं असतं. पण तुझ्या मनात नोंद होते ती एवढीच, की धोका होता आणि गप्प बसल्यानं टळला. पुढच्या सोमवारी भीती आणखी लवकर येते, मग रविवारी संध्याकाळीच यायला लागते. टाळल्यानं भीती त्या क्षणापुरती कमी होते आणि एकूण वाढते. चिंतेच्या बहुतेक त्रासांत हेच घडताना दिसतं.

आणि तुझं गप्प बसणं फक्त तुझ्यावर परिणाम करत नाही. मान खाली घालून वाचणाऱ्या, वेगळा डबा खाणाऱ्या मुलीशी लोकही बेतानंच बोलतात. साहेबांचं "मिसळत नाही" हे मत तुझ्या बोलीवरून झालेलं नाही, तुझ्या गप्प राहण्यावरून झालंय. पण ते ऐकून तुला काय वाटलं असेल? मी यांच्यातली नाहीच. म्हणजे विचारानं तुला गप्प बसवलं आणि गप्प बसण्यानं त्याच विचाराला नवा पुरावा आणून दिला.

म्हणून, विचार आधी की भीती, याचं उत्तर आज इकडून तर उद्या तिकडून, असं आहे. झोप झाली नसेल त्या दिवशी अंगातली धडधड आधी येते आणि विचार तिच्या मागून. कधी नुसतं टाळत गेल्यानं टाळण्यासारखं काहीतरी आहे असं वाटू लागतं. विचार, भावना आणि वागणं एकमेकांना ढकलत राहतात. पण तिघांत फरक आहे. भावनेला थेट हात घालता येत नाही. "आता घाबरू नको" म्हणून कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. शेतात पाणी भरताना आपण पाण्याला ओढत नाही, फावड्यानं वाफ्याचा बांध फोडतो आणि पाणी आपोआप वळतं. तसा भावनेसाठी बांध दोन जागी फोडता येतो, विचाराच्या आणि वागण्याच्या. तुझ्या बाबतीत मी वागण्यापासून सुरुवात करायला सांगेन. विचाराकडून सुरुवात तू आरशासमोर करून बघितलीसच.

त्या आरशाबद्दल थोडं बोलते, कारण तिथं फरक पडला नाही म्हणून तू स्वतःत खोट शोधतेयस. २००९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच प्रयोग केला. लोकांना स्वतःबद्दल एक छान वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल मुळात बरं मत होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल फार बरं वाटत नव्हतं, नेमकं त्यांनाच ते म्हणून आणखी वाईट वाटलं. याचं कारण समजण्यासारखं आहे. न पटणारं वाक्य म्हटलं की मन आतून लगेच "कुठे?" म्हणून विचारतं आणि उलटे दाखले काढून दाखवतं. सीबीटीत असं गोड वाक्य घोकायला सांगत नाहीत. तिथं विचाराला अंदाज समजतात आणि तो खरा ठरतो का, ते करून बघतात.

"बोलले तर हसतील" हा तुझा अंदाज आहे. किती जण हसतील? किती वेळ? तू कधी मोजलेलं नाहीस. २००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं आणि विचारलं, कितीजणांच्या ध्यानात आलं असेल? त्यांना वाटलं, साधारण निम्म्यांच्या. प्रत्यक्षात आलं होतं साधारण पाव लोकांच्या. आपल्याला आपली कानशिलं तापलेली कळतात, म्हणून वाटतं की सगळ्यांना कळतात. समोरचा बहुधा आपल्या आकड्यांच्या काळजीत असतो.

तुझ्या पत्रात तू सगळ्यात मोठा पुरावा कंसात टाकला आहेस. थकबाकीदारांशी फोनवर नीट बोलतेस, वसुली तुझी जास्त. पारोळा, अमळनेर, धरणगावच्या माणसाला हप्ता का थकला ते विचारायचं, तो चिडला तर सांभाळून घ्यायचं आणि तारीख कबूल करून घ्यायची, याला केवढं बोलणं लागतं! २०११ च्या जनगणनेत खान्देशी बोलणाऱ्यांची नोंद १८ लाखांहून जास्त आहे आणि त्यात सगळ्यात मोठा गट अहिराणीवाल्यांचा आहे. तुझ्या शाखेचे कर्जदार यातलेच. "मला बोलता येत नाही" हा विचार या पुराव्यापुढे टिकत नाही. मनाची ही एक खोड आहे. एक वाक्य चुकलं ते महिनोन्‌महिने लक्षात राहतं आणि रोजचे फोन कंसात जातात.

तरी मी तुला "माझी बोली माझा अभिमान" असं घोकायला सांगणार नाही, तेही आरशातल्या वाक्यासारखंच होईल. त्यापेक्षा खरं असेल तेवढंच म्हण: "माझ्या मराठीत कधी कधी अहिराणी येते. काहींना हसू येतं. माझं काम त्यानं अडत नाही." यात गोडवा नाही, पण यावर मन "कुठे?" विचारू शकत नाही.

आता करायचं काय. सोमवारच्या मीटिंगपासून सुरुवात करू नकोस, ती फार मोठी उडी होईल. डब्यापासून कर. त्या नकलाकाराला सोडून दुसरं कुणीतरी असेल, जिच्याशी पूर्वी बोलायचीस. एक दिवस डबा घेऊन तिच्यापाशी बस. जायच्या आधी कागदावर तुझा अंदाज लिही, उदाहरणार्थ "ती तोंडदेखलं बोलेल आणि फोन बघत बसेल", आणि पुढे तुला याची किती टक्के खात्री वाटते तो आकडा. परत आलीस की खाली लिही, खरंच काय झालं. जे डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिही. "तिला नकोसं झालं असावं" हे लिहायचं नाही, तिनं काय केलं ते लिहायचं. तिनं भरीत पुढे केलं, की घड्याळ बघितलं? असे दोन-चार कागद जमले की अंदाज आणि घडलेलं शेजारी शेजारी ठेवून बघ.

मग मीटिंग. तिथं तुझी वही हीच अडचण आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये चारचौघांत वाटणाऱ्या भीतीबद्दल एक मांडणी केली, तिच्यात हे फार नेमकं आलंय. घाबरलेला माणूस स्वतःला सांभाळायला ज्या युक्त्या करतो, वाक्य मनात पाठ करणं, नजर चुकवणं, भरभर उरकणं, त्याच त्याचं बोलणं बिघडवतात. सगळं लक्ष आत लागलेलं असतं, मी कशी दिसतेय, आता कुठला शब्द येईल. समोर खरोखर काय चाललंय ते दिसतच नाही. शिवाय मीटिंग धड पार पडली तरी श्रेय वहीला जातं, तुला मिळत नाही. म्हणून एका सोमवारी सगळे आकडे वाच, पण एक वाक्य, फक्त एक, वही मिटून साहेबांकडे बघून बोल. "पारोळ्याचा हप्ता बुधवारपर्यंत येतोय." तेव्हा लक्ष कानशिलांवर न ठेवता समोर ठेव: कोण बघतंय, कोण फोनमध्ये आहे, साहेब पुढे काय विचारतात. धडधड होईल, तिला होऊ दे. ती थांबल्यावर बोलेन असं ठरवलंस तर वर्ष जाईल. ती चालू असतानाच बोललीस तर पाच-सहा सोमवारांत तिचा जोर ओसरू लागेल.

आणि हसले तर? हसूही शकतात, तसं काही होणार नाही असं मी सांगत नाही. पण "हसले म्हणजे संपलं" हासुद्धा अंदाजच आहे, तोही तपासायचा. हसणं किती वेळ चाललं आणि नंतर तू वाक्य पुरं केलंस का, बघ. या बाबतीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं मला फार उपयोगी वाटतं. त्यांनी बेक यांच्याही आधी, १९५५ च्या सुमारास, याच वाटेनं जाणारी आपली पद्धत मांडली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून रुजवली. एलिस इच्छा आणि हट्ट यांत फरक करतात. "लोक हसले नाहीत तर मला बरं वाटेल" ही इच्छा झाली, ती ठेव, रास्त आहे. "कुणीही कधीही हसता कामा नये, हसले तर ते मला सोसणारच नाही" हा हट्ट आहे, आणि भीतीचं मूळ त्याच्यात आहे. तुला ते सोसतं. फेब्रुवारीत सोसलंस आणि दुसऱ्या दिवशी कामावर आलीस.

नक्कल करणाऱ्याचं मी वेगळं सांगते. त्याला एकट्याला गाठून शांतपणे सांग: "तुम्ही माझ्या बोलण्याची नक्कल केली, ते मला आवडलं नाही. परत करू नका." कारणं देऊ नकोस, हसून सारवू नकोस. परत केलं तर साहेबांना लेखी कळव. हे उपचाराच्या बाहेरचं आहे असं समजू नकोस. इतके महिने तू गप्प राहून स्वतःला एक गोष्ट शिकवलीस, बोलून दुसरी शिकवशील.

अपघाताचं जे लिहिलंस ते मी बाजूला सारणार नाही. सोमवार टळावा म्हणून दवाखान्यात पडून राहावंसं वाटणं ही थकलेल्या मनाची खूण आहे. पण हा विचार वाढत असेल, किंवा जगूच नये असं कधीही वाटत असेल, तर डबा, वही, कागद सगळं राहू दे आणि आजच १४४१६ वर फोन लाव. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र मिळते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या एका तरी माणसाला सांग. आईला सांगितलंस तर मला जास्त बरं वाटेल.

एरवीही हे सगळं एकटीनं करावं असं माझं मत नाही. पत्रावरून मी तुझ्या त्रासाला नाव देणार नाही, ते प्रत्यक्ष बघून डॉक्टर देतील. त्यांनी सुचवलंय तर उशीर करू नकोस. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं जाता येईल. खासगीत जाणार असशील तर पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचार: सीबीटीचं प्रशिक्षण घेतलंय का, आणि दर वेळी घरी करून बघायला काही देता का? तासभर नुसता धीर देऊन पाठवत असतील तर ते चांगलं असेल, पण ते सीबीटी नव्हे. चारचौघांतल्या भीतीसाठी क्लार्क यांच्या पद्धतीनं साधारण चार महिन्यांत चौदाएक बैठका धरतात. त्यात रुग्णाचं बोलतानाचं चित्रण करून त्यालाच दाखवतात. स्वतःला वाटलं होतं तितकं आपण घाबरलेलं दिसत नाही, हे पडद्यावर बघून पुष्कळांना पटतं.

राहिला राजीनामा. सोमवार टाळायचा सगळ्यात मोठा मार्ग तोच आहे, आणि त्यानं जी सुटका मिळेल ती पुढच्या नोकरीतही तुला गप्प बसवेल. पगार, काम, घर, लग्न यांतल्या कशासाठी नोकरी सोडावीशी वाटली तर खुशाल सोड. भीतीपोटी सोडायची असेल तर आत्ता ठरवू नकोस, बैठका पुऱ्या झाल्यावर ठरव. सहायक व्यवस्थापकाचा अर्ज मात्र मुदतीच्या आत भर, आणि त्यात तुझ्या वसुलीचे आकडे कंसाबाहेर, पहिल्याच ओळीत लिही.